फ्लेक्सवरची सुनयना

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. फ्लेक्स जुना व्हायला फार वेळ लागत नाही, पुढचा निकाल लागला की होतो. पण मी जरा जास्तच जुना झालो, कारण मला कोणी फेकलं नाही.

माझा जन्म आदिलाबादच्या एका छपाईच्या दुकानात झाला. एका खासगी ज्युनियर कॉलेजने मला करवून घेतलं. माझ्या अर्ध्या अंगावर कॉलेजच्या मालकांचा, म्हणजे करस्पाँडंट साहेबांचा हात जोडलेला फोटो होता. उरलेल्या अर्ध्यात इंटर फर्स्ट इयरला, म्हणजे अकरावीला चमकलेली पोरं दाटीवाटीने बसवली होती. संगणकावर सगळ्यांना गोरं केलं होतं. वर तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जिल्ह्यात आम्हीच पहिले.' समोरच्या कॉलेजच्या फ्लेक्सवरही हेच लिहिलं होतं. जिल्हा एकच होता, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

खालच्या ओळीत डावीकडे सुनयना होती. जवळच्या मावला गावच्या लक्ष्मणरावांची मुलगी. घरची भाजीची वाडी, रस्त्याच्या कडेला लाकडी बल्ल्या रोवून मांडलेलं दुकान. फोटोत ती हसत नव्हती, नुसती बघत होती. तिचे मार्क तिच्या तोंडापेक्षा मोठे छापले होते.

मला कॉलेजच्या फाटकावर टांगलं आणि माझी फार स्तुती झाली. लोक थांबून बघत. लक्ष्मणराव तर दर आठवड्याला टोमॅटोचे कॅरेट बाजारात उतरवून मुद्दाम त्या रस्त्याने घरी जायचे. हे कौतुक वाईट नव्हतं, मित्रांनो. वाईट पुढे झालं. सेकंड इयरला गणित जड गेलं, दर रविवारच्या परीक्षेत सुनयना एकेक बाक मागे सरकली, आणि सर भर वर्गात खिडकीबाहेर माझ्याकडे बोट दाखवून विचारू लागले, "फ्लेक्सवर फोटो, आणि पेपरात हे?" मी प्लॅस्टिकचा आहे, मला लाज नसते. पण त्या वर्गातल्या कोणाला तरी असायला हवी होती.

वर्ष संपत आलं तेव्हा मला उतरवलं. लक्ष्मणरावांनी वॉचमनला दोन भोपळे देऊन मला मागून घेतलं आणि दुकानावर सावलीला बांधलं. चेहऱ्याची बाजू रस्त्याकडे, अर्थातच. सुनयना म्हणाली, "बाबा, उलटा बांधा न." बाबा म्हणाले, "काऊन? लोकायले दिसू दे." बापाला वाटलं पोरगी लाजते आहे. त्याला दुसरं काही वाटण्याची सोयच आपण ठेवलेली नाही.

त्या दिवसापासून वांगी घ्यायला येणारा प्रत्येक माणूस परीक्षक झाला. त्यांचे म्होरके माणिकराव. महसुलातले निवृत्त गिरदावर, गावभरच्या जमिनी मोजून झाल्या म्हणून आता माणसं मोजतात.

"काय लक्ष्मणराव, कलेक्टरीणबाई काय म्हनते? औंदा वरच्या लायनीत येते का नाई?"

"येते न, येते," लक्ष्मणराव म्हणायचे.

"नाई आली त हा फ्लेक्स उतरवा लागन बाप्पा. आमी येऊनच उतरवू."

सगळे हसायचे. माझ्यामागे, पोत्यावर बसून, सुनयना मेथीच्या जुड्या बांधत असायची. हसण्याचा आवाज प्लॅस्टिकमधून आरपार जातो.

परीक्षा झाल्या. सुनयना फार शांत झाली. जेवायला बोलावलं की भूक नाही म्हणायची. आपले चांदीचे पैंजण तिने चुलतबहीण चंचलला देऊन टाकले, आवडती शाल दिली, कंपासपेटीसुद्धा दिली. तिची आई कौशल्याबाई गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची, "लय समजदार झाली माही सुनू. काही मांगत नाई, चिडत नाई." आपल्याकडे पोर रडलं तर हट्टी, ओरडलं तर उद्धट, आणि आतून विझलं की समजदार.

एका सकाळी जुडी बांधता बांधता ती म्हणाली, "माय, एवढा निकाल लागू दे. मंग मी सुटते. तुमीबी सुटसान."

"हो माय," कौशल्याबाई म्हणाल्या, "सुटशीन. लय अभ्यास केला तुनं." शाळा सुटते, पेपर सुटतो, बस सुटते. आपली भाषा मोठी सोयीची आहे. एका शब्दात सगळं बसवते आणि कोण कुठे निघालं आहे ते विचारत नाही.

निकाल दोन दिवसांवर आला तेव्हा माणिकराव पिशवी घेऊन आले. त्या दिवशी कलेक्टरीण वगैरे काही नाही.

"काऊन जी, मान पाडून?" कौशल्याबाईंनी काटा उचलत विचारलं.

"आत्या गेली काल बेल्लमपल्लीले. दोन वर्सं खाटेवर होती." त्यांनी वांगी चाचपली. "सुटली बिचारी. घरचेबी सुटले."

कौशल्याबाईंच्या हातातला काटा तसाच राहिला.

"अर्धा किलो म्हनलं," माणिकराव म्हणाले.

कौशल्याबाईंनी वांग्यांसकट पारडं खाली ठेवलं आणि त्या माझ्यामागे आल्या. सुनयना होती. तिथेच होती. कौशल्याबाई तिच्यासमोर मातीत बसल्या.

"सुनू, तू त्या दिवशी सुटते म्हनली. कशातून सुटते?"

सुनयना जुडीला दोरी गुंडाळत राहिली.

"मरायचं हाये का तुले?"

लक्ष्मणराव पुढून धावले. "अवं, काय अभद्र बोलून राह्यली? असं तोंडातून काढू नाई."

"तुमी चूप बसा. तिले विचारलं मी."

सुनयनाने जुडी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "हो."

"कवापासून?"

"लय दिवस झाले." आणि मग, मान वर न करता, "मी त्या फोटोतली नाई राह्यली, माय. गनित गेलं माहं. तुमी त्या पोरीचे मायबाप हा."

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. मार्क म्हणजे सगळं नसतं, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असावं. नेहमी ते निकालानंतर म्हणायचं असतं, दुसऱ्याच्या घरी. कौशल्याबाईंनी हात वर केला आणि ते थांबले. बाईंनी उपदेश केला नाही, शपथ घातली नाही. पोरीचा हात धरला आणि ती जे सांगत गेली ते ऐकत बसल्या. दुकानापुढे माणिकराव दोनदा खाकरले आणि वांगी ठेवून निघून गेले.

"दवाखान्यात जाऊ," शेवटी कौशल्याबाई म्हणाल्या. "डोक्याच्या नाई, मनाच्या डाक्टरकडे."

"लोक काय म्हनतीन?" लक्ष्मणराव म्हणाले. सवयीने म्हणाले.

"लोक वांगे नेतीन आन जातीन."

त्या दिवसापासून तिला एकटं ठेवलं नाही. आई तिच्याशेजारी झोपली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिघं सरकारी दवाखान्यात गेली. निकाल लागला, गणित गेलंच होतं. त्या संध्याकाळी ती पुष्कळ रडली आणि कौशल्याबाई म्हणाल्या, "रड माय, रड." समजदारपणा संपल्याचा त्यांना आनंद झाला होता. सगळं एकदम बरं झालं नाही. डॉक्टरकडे ती अजून जाते. जूनमध्ये तिने सप्लिमेंटरीचा, म्हणजे फेरपरीक्षेचा पेपर दिला. त्यात किती पडले ते मी सांगणार नाही. मी फ्लेक्स आहे, ती सवय मला मोडायची आहे.

कॉलेजच्या फाटकावर नवा फ्लेक्स लागला. चेहरे नवे, करस्पाँडंट साहेब तेच, आणि जिल्ह्यात पहिले ते आहेतच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझे भाऊबंद पेपरच्या पहिल्या पानावर छापून येतात. आतल्या पानावर, खाली, आणखी काही पोरांच्या बातम्या असतात. करस्पाँडंट साहेब ते पान उलटत नाहीत. पहिल्या पानाचे पैसे त्यांनी भरलेले असतात.

मला आता खाली अंथरून माझ्यावर मिरच्या वाळवतात. अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने म्हणायचं असतं, मित्रांनो, आम्हाला जपा. मला जपू नका. मी कुजत नाही, मी तुमच्या नातवंडांनाही पुरेन. तुमच्यापैकी कोणाच्या मनात सुटायचं येत असेल, तर एका माणसाला सांगा. त्याला कळलं नाही तर दुसऱ्याला सांगा. मोठी माणसं सावकाश समजतात. कोणीच नसेल तर १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा, दिवसा किंवा रात्री, पैसे पडत नाहीत. आणि मोठ्यांनो, तुमचं पोर फार शहाण्यासारखं वागायला लागलं तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. सरळ त्याच शब्दांत विचारा, अभद्र वाटलं तरी. विचारल्याने कोणी मरत नाही.

आणि ते 'हो' म्हणालं, तर उठू नका.