डाव्या बाजूची सीट

रविवार, दिनांक १५ नोव्हेंबर १९८७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी जळगावच्या जकात नाक्यापाशी दोन गाड्या उभ्या होत्या आणि माणसे तीन होती. तिसऱ्याने कोणत्या गाडीत बसायचे, एवढाच प्रश्न होता.

"तुमनी गाडीमा जागा कुठे शे?" कमलबाईने नवऱ्याला विचारले.

हिलाल बॉनेटची कडी तपासू लागला. तंत्रनिकेतनात निदेशक असलेल्या या गृहस्थाने पाचोऱ्याच्या भंगारातून मॉरिसचा सांगाडा उचलून आणला होता आणि त्यावर सात वर्षे खर्ची घातली होती. फियाटचे इंजिन बसवले, पत्रा स्वतः ठोकला. त्याच सात वर्षांत कमलबाईने मडगार्ड पॉलिश पेपरने घासले, छताचे कापड शिवले. आज धुळ्याबाहेर, अजून वाहतुकीला न उघडलेल्या सरळ रस्त्यावर चारशे मीटरची शर्यत होती. वजन कमी व्हावे म्हणून हिलालने काल डाव्या बाजूची सीट काढून ठेवली. बायको एसटीने येईल, हे त्याने गृहीत धरले. तिला विचारले मात्र नाही.

"वहिनी, आपली गाडी म्हणजे धर्मशाळा शे. बसा!" निंबाने हाक दिली. हा हिलालचा वर्गबंधू आणि आजचा प्रतिस्पर्धी. जीपच्या सांगाड्यावर त्याने जुन्या थाटाची उघडी गाडी उभी केली होती. रंग हळदीसारखा पिवळा.

कमलबाई पदर खोचून चढली.

हिलाल मागून निघाला. मनात आणले असते तर तो पाळधीपर्यंतच पुढे गेला असता. पण पुढे गेला तर ती दिसणार नव्हती. मागे राहिला तर दिसत होती, आणि तेच सोसवत नव्हते. निंबा काहीतरी बोले, हातवारे करी, आणि ती मान मागे टाकून हसे. आपण तिला असे शेवटचे कधी हसवले, हे एरंडोल मागे पडले तरी हिलालला आठवेना.

पारोळ्याजवळ पिवळ्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ आली. हिलालने गाडी थांबवली तेव्हा कमलबाई कळशीने रेडिएटरमध्ये पाणी ओतत होती.

"हळू वहिनी, आपले चहा नही टाकना शे!"

तिने तोंडाला पदर लावला. हिलालचे कान तापले.

"रेडिएटर धुऊन घे, म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

"गाडी तापस भो," निंबा म्हणाला, "माणूस तापाले नको."

कमलबाईने फडके सोडले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर ठेचा. पहिली भाकरी तिने पाहुण्याच्या रीतीने निंबापुढे धरली. दुसरी पुढे येण्याआधीच हिलाल म्हणाला, "मला भूक नाही." पहाटे चारला उठून तिने ती भाकरी थापली होती. तो पाठ फिरवून टायरची हवा तपासू लागला.

धुळ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना गर्दी होती. कुस्त्यांचे पंच जीवराम आबा एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्यात पंचा घेऊन पलीकडच्या टोकाला उभे राहिले. दोन्ही गाड्या रेषेला लागल्या, तशी कमलबाई उतरून हिलालच्या खिडकीशी आली.

"गाडी पयताना तरी बसू द्या. मी खाल पत्रावर बसी जासू."

तिच्या बोटांवर पॉलिश पेपरने पडलेले घट्टे त्याला दिसले. 'बस' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला. पण पलीकडून निंबा बघत होता. आणि त्या माणसाला आज हरवायचेच होते. मोकळ्या हसण्यासकट हरवायचे होते.

"वजन वाढेल," हिलाल म्हणाला. "आज नको."

"घासाले मी चालनी," ती शांतपणे म्हणाली, "बसाले नही चालत."

"या वहिनी!" निंबा ओरडला. "हारनं ते शेच. दोघं मिळीसन हारूत!"

गर्दी हसली. कमलबाई पिवळ्या गाडीत जाऊन बसली.

पंचा खाली आला. हिलालने क्लच असा सोडला की मागची चाके किंचाळली. पहिला, दुसरा, तिसरा. एकही गिअर चुकला नाही. शेजारची पिवळी कड आधी दाराशी होती, मग मागच्या चाकाशी, मग दिसेनाशी झाली. रेषा ओलांडली तेव्हा त्याच्यापुढे मोकळ्या रस्त्यावाचून काही नव्हते.

गाडी थांबवून तो उतरला आणि वळून पाहू लागला. निंबाच्या गाडीचे डावे दार निखळले होते. कमलबाई ते दोन्ही हातांनी धरून बसली होती, पदर खांद्यावरून उडाला होता आणि ती घसा फोडून ओरडत होती.

"दाब निंबाभाऊ, दाब! आखो दाब!"

भाऊ. हिलाल जागीच खिळला.

गाडी रेषा ओलांडून, त्याच्या अगदी शेजारून पुढे गेली. ब्रेक लवकर लागेनात. त्याने हात वर केला. पण तिचे दोन्ही हात दारात गुंतले होते आणि डोळे रस्त्यावर होते. लोक हरलेल्या गाडीमागे टाळ्या वाजवत धावले. धूळ खाली बसेपर्यंत रेषेशी तो आणि आबा दोघेच उरले.

"दोन्हीसमा पहिला तू," आबा म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ त्याच्यापुढे धरले.

बावीस पूर्णांक चार सेकंद.