तोंडाने वाजवलेला पापड

शप्पथ! यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता गळून पडू देत, आणि मग मला रोज मऊ भात भरवायला तुम्हीच या.

दोन हजार चार साल असेल. माझी नात यशोधरा अंबरनाथला कॅटरिंगचा कोर्स करून बसली होती. कोर्स म्हणजे नुसता स्वयंपाक नाही हां. नखं किती बारीक कापायची, केस टोपीत कसे कोंबायचे, मालकासमोर कसं बसायचं, सगळं शिकवायचे. तिच्या मॅडमनी तर मुलाखतीची तालीम घेतली होती. ताठ बसायचं, बोलताना खाली बघायचं नाही आणि मुलाखतीत काही खायचं-प्यायचं नाही. यशोने ते इतकं पाठ केलं की पोरगी झोपेतसुद्धा ताठ बसायची. मी स्वतः पाहिलंय.

तिचा बाप, माझा राजेश, वैतागलेला. म्हणाला, "आई, उल्हासनगरला एका सिंधी बाईकडे जागा आहे. तिथं जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून ही जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जाईल."

यशोचं तोंड एवढंसं झालं. धागे कापण्यात वाईट काही नाही. मीही कापलेत. सगळे जोडले असते तर वांगणीला जाऊन परत आले असते. पण पोरीचा जीव कढईत अडकलेला.

गेलो आम्ही. ईश्वरीबाई लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची. तिचं किचन एवढं लांब, की या टोकाला फोडणी दिली तर त्या टोकाला शिंक यायला दुपार व्हायची. आम्ही टेकतोय न टेकतोय तोच तिने समोर ठेवलं पापड आणि पाणी. सिंध्यांच्या घरची रीतच ती. दारात आलेल्याला आधी पापड-पाणी, मग काय ते काम.

यशो ताठ. "नो थँक्यू, मॅडम."

"अरे, खा ना बेटा."

"नको मॅडम, मी मुलाखतीला आलेय."

ईश्वरीबाईच्या भुवया अशा वर गेल्या की पार पदरात शिरल्या. "क्यूँ? हमारे घर का पापड नहीं चलता?"

आमच्या घरचं पाणी लोकांनी नाकारलेलं मी लहानपणापासून पाहिलंय. ते कसं लागतं मला ठाऊक. तेच त्या बाईच्या तोंडावर दिसलं.

"यशे, खा!" मी कोपराने ढोसलं आणि स्वतः पापड उचलून चावला. तर पापड वाकला की हो! तुटेचना. पावसाळी हवेने पार मऊ पडलेला. आता हे बाईला कळलं तर आणखी अपमान. मग मी काय केलं? पापड वाजेना म्हणून तोंडानेच वाजवला. "कर्रम! कुर्रम! वा, काय कुरकुरीत!" दारातली मांजर दचकून पळाली.

यशोने मान खाली घालून एक तुकडा घेतला. आधी पाहिला, मग मोडून बघितला, मग चावला. तेही मॅडमनीच शिकवलेलं.

"आँटी, चव एकदम मस्त. मिरी पण छान. पण मऊ पडलाय. उघडा राहिला वाटतं. पाहुण्यांना असा नका देऊ. गॅस दाखवा, मी परत शेकते."

मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. झालं! आता सोमवार, कात्री आणि धागे.

आणि ईश्वरीबाई पोट धरून हसायला लागली. "सुबह से सबको यही पापड दे रही हूँ. सब बोले, बहुत बढ़िया! मेरे को ऐसी लड़की मंगता, जो खाना पंगत में जाने के पहले बोले, आँटी, ये खराब है." मग माझ्याकडे वळली. "और दादी, आपका पापड कैसे बजा?"

"आमच्या अंबरनाथला असेच वाजतात," मी म्हणाले.

यशोने पापड परत शेकले. या वेळी खरंच वाजले. असे वाजले की तिकडे अंबरनाथच्या शिवमंदिराचा पुजारी बाहेर येऊन आभाळ बघून गेला.

सोमवारी यशो टोपी घालून, नखं कापून कामावर. राजेशने स्वतः सायकलवर सोडलं. आणि ईश्वरीबाई मला म्हणाली, "दादी, तुम भी आ जाओ, चखने को." मीच म्हटलं, नको बाई, घरी कामं असतात.

आई गं! हा मागचा दात हलला काय? बरं बरं, सांगते. हे शेवटचं तेवढं मी जोडलं. ती खरं म्हणाली होती, "बेटा, नौकरी पक्की. बस, दादी को किचन से दूर रख."

पण मांजर पळाली होती हां.