सहज उघडणारी खुर्ची

थांबा, लगेच टेकू नका. आधी माझं ऐका. मी संग्रहालयातली घडीची खुर्ची बोलतेय. ॲल्युमिनियमच्या नळ्या, वर जाड कापड आणि दोन बाजूंना दोन बोल्ट, एवढाच माझा संसार. ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही त्यांनी दाराजवळच्या खुंटीवरून मला काढायचं, सोबत घेऊन दालनं हिंडायची आणि जाताना परत टांगायचं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या कारागिराला जेवायची घाई होती. डावा नट त्यानं पान्यानं आवळला, उजवा बोटांनीच फिरवला आणि डबा उघडायला गेला. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे.

गंमत म्हणजे त्या ढिल्या नटामुळेच माझं नाव झालं. मी एका हातानं उघडायचे. "हीच घे, ही पटकन उघडते," असं म्हणत जो तो मलाच उचलायचा. माझ्या बहिणी खुंटीवर लोंबकळत राहायच्या. कौतुक ऐकून मी फुलायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष त्या नटाकडे असायचं. कुणी बसलं की नट जरासा सरकायचा, आणि मला वाटायचं, आज याची कंबर मोडणार.

माणसं संग्रहालय कशी बघतात ते मी गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलंय. पहिल्या दालनात प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात, तिसऱ्यात जांभया देतात आणि शेवटचं दालन पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं उरकतात. माझं ऐकाल तर सगळं बघायच्या फंदात पडू नका. दोन-चार वस्तू निवडा आणि त्यांच्यासमोर निवांत बसा. पाय कुरकुरायच्या आधीच कॅफेत जाऊन या. पाय थकल्यावर गेलात, तर पुन्हा जिना चढायचं जिवावर येतं.

हे शहाणपण मी दोन जावांकडून शिकले. त्या दर आठवड्याला यायच्या. थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. "आता पडलात, तर माझ्याही हातात काही नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिला एकच चित्र बघायचं असायचं, खिडकीपाशी पातेलं घासणाऱ्या बाईचं. धाकटीचा जीव कॅफेतल्या केकमध्ये. म्हणून आधी केक आणि मग चित्र, असा दोघींचा तह झाला होता.

कॅफेतली स्टुलं उंच, त्यामुळे थोरली तिथेही माझ्यावरच बसायची. एके दिवशी केक संपवून ती उठली आणि माझा नट निखळून खाली पडला. धाकटीनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला. "असू दे, कधीतरी कामाला येईल," म्हणाली आणि पर्समध्ये टाकला. त्या पर्समध्ये कामाला येणाऱ्या वस्तूंचं एक वेगळंच संग्रहालय होतं.

मग मला काखेत मारून दोघी जिना चढल्या. मी मनात म्हणत होते, आज वरचे दिवे जावोत, दालनाला कुलूप असो, काहीही होवो. पण दालन उघडं होतं. थोरलीनं मला चित्रासमोर मांडलं आणि हुश्श करून बसली. बोल्ट नुसता भोकात अडकून होता. मी करकरले.

"हिला काय झालं गं?" थोरली म्हणाली.

"तिला काय होणार? केकचा दुसरा तुकडा कुणी खाल्ला?"

"त्यातला अर्धा तूच ओढलास."

दोघी हसल्या. त्या हसण्यानं बोल्ट आणखी सरकला. होता नव्हता तेवढा जोर लावून मी पुन्हा करकरले. आता धाकटी वाकली. बोल्टचं उघडं टोक पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"जाऊबाई, माझा हात धरा आणि सावकाश उठा. का ते नंतर सांगते."

थोरली उभी राहिली आणि त्याच क्षणी मी फतकल मारली. रखवालदार धावत आला. धाकटीनं पर्समधून नट काढून दिला. "बघा, आला की नाही कामाला?" ती म्हणाली. रखवालदारानं पाना आणून दोन्ही नट गच्च आवळले.

आता मी पक्की आहे, पण उघडायला दोन्ही हात लागतात. लोक एकदा ओढून बघतात, "ही अडकते," म्हणतात आणि परत टांगतात. मघाशीच त्या जावा आल्या. थोरलीनंही मला ओढून पाहिलं आणि शेजारची घेतली. ती एका हातानं उघडली.

"ही छान आहे गं," थोरली म्हणाली. तिला मी ओळखूच आले नाही.

त्या शेजारणीचा नट हलताना मी ऐकला. जिन्यावरून थोरलीची पावलं वर जात होती. मला ओरडायचं होतं, पण नट आवळल्यापासून मला करकरताही येत नाही. तुम्ही वर निघालाच आहात, तर जरा पाय उचला. पातेलं घासणाऱ्या बाईसमोर एक आजी बसल्या असतील, त्यांना हात देऊन उठवा.