वजनाचा रकाना

कोणतं कोकरू जगेल, हे सांगणारं माझं संगणकावरचं लॉजिस्टिक मॉडेल म्हणत होतं की जड कोकरंच जास्त मरतात. डोकंच फिरलं! तपासलं, तर वजन आणि छातीचा घेर यांचा व्हीआयएफ, म्हणजे रकाने एकमेकांत किती गुंतलेत ते सांगणारा आकडा, चाळीस; दहाच्या वर गेला तरी धोका. म्हणजे दोन्ही रकाने एकच गोष्ट सांगत होते. सोलापूरहून तडक मंगळवेढ्याला, नोंदी देणाऱ्या केराबाईंच्या मेंढवाड्यावर गेले. मी दिलेला वजनकाटा अजून खोक्यातच होता.

"मावशी, वजनं केलीच नाहीत?"

"जित्या कोकराला तोलत्यात व्हय? दिष्ट लागती. छाती मोजून अंदाजानं सांगितलं की."

चिडून मी एक कोकरू काट्याला टांगलं. त्यांच्या आकड्यात पावशेराचाही फरक नव्हता.

केराबाईंनी त्या कोकरावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. वजन छातीच्या घेरातच आलेलं होतं; मी तिथंच वजनाचा रकाना खोडला.