पेन्सिलीने लिहिलेली मतं

मित्रांनो, मी एक जुनी किशोर कादंबरी आहे. एकशे चाळीस पानांची, पाठीला दोनदा चिकटपट्टी लावलेली. सध्या कागद कारखान्याच्या आवारात एका गठ्ठ्यात तळाशी पडले आहे आणि समोर लगद्याचा हौद घरघरतो आहे. तेव्हा लांबण लावत नाही.

छापखान्यातून निघाले, ती शाईचा वास जायच्या आत एका वाचनालयात आले. माझ्या पोटात पंधरा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आहे. तिची आई आजारी पडते, घर विस्कटतं आणि शेवटी आई बरी होत नाही. लेखिकेने त्या आईला बरं केलं असतं तर माझं नशीब उघडलं असतं. पण मग ती गोष्ट खोटी झाली असती.

आमच्या वाचनालयाची एक पद्धत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरं पान चिकटवलेलं असे. वाचून झालं की त्यावर आपलं मत लिहायचं. मोठ्यांनी पेनाने, मुलांनी पेन्सिलीने. कुणा मुलाने एकदा दौत सांडून अख्खी नोंदवही निळी केली होती, तेव्हापासूनचा हा नियम. पेन्सिल टेबलाला दोऱ्याने बांधलेली आणि टोक कायम बोथट.

माझ्याबद्दल दोन माणसांचं कधी जमलं नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक येत. त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'मुलगी आजारी आईवर रागावते! असलं रडगाणं मुलांच्या हाती देऊ नये.' झालं, मला मोठ्यांच्या कपाटात हलवलं. तिथे एका बाईंनी दोन तासांत मला संपवलं आणि लिहिलं, 'पोरकट. मोठ्यांनी वेळ घालवू नये.' पुन्हा मुलांचं कपाट! मी धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

मुलंही काही कमी नव्हती. 'मुखपृष्ठावरचा मुलगा पुस्तकात येतच नाही, ही फसवणूक आहे,' असं एकाने लिहिलं. बरोबरच होतं त्याचं, मीही त्या मुलाला ओळखत नाही. 'नायिका खडूस आहे. मीपण आहे. आवडली,' असं एकीने लिहिलं.

आणि एक होती वेणीवाली. तेरा वर्षांची, खिडकीजवळच्या बाकावर पाय वर घेऊन बसणारी. तिची आई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती. हे मला कळलं ते तिच्या पेन्सिलीतून. चार दिवस तिने मला वाचलं. नायिका आईवर रागावते त्या पान एकशे बारावर थांबली, परत मागे गेली, परत थांबली. मग शेवटच्या पानावर लिहिलं, 'मलापण आईचा राग येतो. मला वाटायचं मी एकटीच वाईट आहे.' बोथट टोक तिने इतकं दाबलं की मला मागच्या बाजूला लागलं. मित्रांनो, खरं सांगते, त्या एका ओळीसाठी मी छापली गेले असं मला वाटलं.

पण कोरं पान ते केवढं! वर्षभरात भरलं. नवीन चिकटवायचा कंटाळा, म्हणून ग्रंथपाल बाईंनी खोडरबर घेतलं. शाई खोडता येत नाही, पेन्सिल येते. "मुलांची मतं काय, पुन्हा लिहितील," असं पुटपुटत त्यांनी झरझर सगळं पुसलं. बाई वाईट नव्हत्या हो. पावसाळ्यात आम्हाला उन्हाला ठेवायच्या, फाटलं तर स्वतः डकवायच्या. त्यांना फक्त जागा करायची होती.

मग कपाटं कमी करायचं ठरलं. समितीची माणसं आली, प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान बघत गेली. माझ्या पानावर रडगाणं होतं, पोरकट होतं आणि बाकी सगळं पांढरं. "एकालाही आवडलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. माझ्यावर 'बाद' असा शिक्का पडला. ते पान फाडून पुरावा म्हणून फायलीला लावलं. अठ्ठेचाळीस पुस्तकं मोजून, सुतळीने बांधून, वर सह्यांची चिठ्ठी चिकटवली आणि गठ्ठा टेबलाखाली सरकवला.

त्याच संध्याकाळी वेणीवाली आली. केस विस्कटलेले, वेणी कुणी घातली नव्हती. तिच्याकडे बघूनच मला कळलं.

"बाई, ते आईचं पुस्तक द्या ना. दादासाठी हवंय."

"दादा कधीपासून वाचायला लागला?"

"नाही वाचत. पण तो आई गेल्यापासून एक अक्षर बोलत नाहीये. एकशे बारावं पान मी त्याला वाचून दाखवणार आहे."

बाईंचा आवाज एकदम उतरला. "बाळा, ते बाद झालं गं. कुणालाच आवडलं नव्हतं."

"मला आवडलं होतं! मी लिहिलं होतं!"

बाईंनी फाईल काढली. मुलीने पान उजेडाकडे धरलं आणि कोऱ्या जागेवर बोट फिरवलं. "इथे होतं. बघा, हाताला लागतंय."

बाईंनी बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी त्यांच्या पायाशी, सुतळीत आवळलेली. मला ओरडता आलं असतं तर!

"सह्या झाल्यात, मला गठ्ठा सोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या अध्यक्षांना विचारते हं. उद्या ये."

ती रिकाम्या हातांनी घरी गेली, न बोलणाऱ्या दादाकडे. आणि आज सकाळी, वाचनालय उघडताच, अध्यक्षांच्या आधी ट्रक आला.

आता सुतळी कापली आहे. वरची पुस्तकं एकेक करून चालली आहेत. ती मुलगी आज संध्याकाळी पुन्हा येईल, टेबलापाशी उभी राहील आणि बाई तिच्याकडे बघणार नाहीत.

मित्रांनो, आवडलं नाही असं लिहायला लोक पेन घेऊनच येतात. तुम्हाला एखादं पुस्तक मनापासून आवडलं, तर कुणाचा नियम ऐकू नका. पेनाने लिहा. माझ्यासाठी आता उशीर झाला. एकशे बारावं पान मी घट्ट मिटून धरलं आहे, पण पाण्यात ते सुटेलच.