बीमला पडलेला बाक

आलात तसे जरा वर बघा. मी बीम बोलतोय. पोहरादेवीजवळच्या तांड्यात धुरपताबाईचं घर आहे, त्याच्या मधल्या खोलीवर मी आडवा पडलोय. वय अकरा वर्षं, पण थकलोय सत्तरीतल्या माणसासारखा.

मला ओतलं त्या दिवशीच फुलसिंग मिस्त्रीने बजावलं होतं, "बाई, हा बीम स्लॅब उचलीन, वर चार माणसं फिरतीन तेही उचलीन. जास्त काही नोका ठेवू."

स्वतःचं वजन तर जन्मापासून आहे, ते घडीभरही उतरत नाही. त्याची तक्रार नाही. माणसांचं ओझं येतं आणि जातं. वारा धडका देऊन निघून जातो. खांबांखालची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि आम्हाला हलवते, तेही मुकाट सोसलं.

पण तांड्यात पक्कं छत हे एकच. दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला निघतात आणि आपलं सामान धुरपताबाईच्या स्लॅबवर आणून टाकतात. खाटा, कोठ्या, गोधड्या, ज्वारीची पोती, वरून ताडपत्री. बाई म्हणते, "ठेव बापा, माह्या घराले काय जड होते?" जड मला होतं, पण मला कोण विचारतो! पहिल्या वर्षी दोन घरांचं सामान होतं, यंदा चौदा घरांचं.

फाल्गुनात भरदुपारी अवकाळी पाऊस कोसळला. सामानाच्या कचऱ्याने पन्हाळीचं तोंड बुजलेलं. ताडपत्री उडाली, वर घोटाभर पाणी साचलं, गोधड्या पाणी पिऊन दगडासारख्या झाल्या. माझ्या पोटात काडकन आवाज झाला. खाली बाईची नात रंजीता अभ्यासाला बसली होती. तिच्या वहीवर सिमेंटचा भुगा पडला.

"आजी, बीम तडकून राह्यला!"

बाईने पोरीला ओढून अंगणात काढलं आणि स्वतः त्या पावसात जिना चढली. मला तोंड असतं तर ओरडलो असतो, बाई, तू नको येऊस, आता तुझंही वजन पेलवायचं नाही. तिने खाट सरकवली, पन्हाळीत हात घालून कचरा उपसला. पाणी धो धो खाली गेलं. मी कसाबसा टिकलो.

दुसऱ्या दिवशी फुलसिंगने मला लोखंडी टेकू दिले, सामान उतरवलं, मग मी मधोमध किती वाकलोय ते दोरी ताणून बघितलं.

"ओझं उतरलं, पण बाक काही जात नाई बाई. लोकायले नाई काहून नाई म्हटलं?"

धुरपताबाईने तीस वर्षं उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या. मोळ्या कधीच सुटल्या, मान मात्र झुकली ती झुकलीच. ती तशीच खालमानेने म्हणाली, "जमलंच नाई रे मले कधी."

मला तिचा राग आला नाही. आम्ही दोघं सारखेच.

आता मी टेकूंच्या आधाराने तग धरून आहे. दिवाळीनंतर पुन्हा कोणीतरी डोक्यावर खाट घेऊन दारात येईल. बाई, माझं मागणं एवढंच, त्या वेळी दुखली तरी मान उचल, एकदा माझ्याकडे बघ, आणि मग काय ते बोल.