सात नंबर, दुपारी एक वाजता

सिलतऱ्याच्या आमच्या कारखान्यात बारा स्टेशनं आहेत आणि दिवसभर त्यांच्याकडे डोळे लावून बसण्याचा पगार मला मिळतो. रेल्वेची स्टेशनं नव्हेत. भट्टी, वजनकाटा, गेट, पंपहाऊस अशा बारा ठिकाणी एकेक पेटी बसवली आहे. फायबरची एक तार या पेट्यांमधून फिरत फिरत पुन्हा माझ्या कंट्रोल रूममध्ये येते, म्हणून तिला रिंग म्हणतात. एका जागी तार तुटली किंवा एखादी पेटी बंद पडली, तरी बाकीच्यांची माहिती उलट्या बाजूने येत राहते. दोन ठिकाणी तुटली, की मधले सगळे गायब. एवढं समजलं की माझी नोकरी समजली.

सात नंबर म्हणजे पंपहाऊस. उन्हाळा लागल्यापासून हे सात नंबर रोज दुपारी एकला बंद पडायचं आणि पंचवीसेक मिनिटांनी आपलं आपण सुरू व्हायचं. पेटी बंद झाली की तिच्या दोन्ही बाजूच्या पेट्या बोंब मारतात आणि माझ्या टेबलावर भोंगा वाजतो. तोही ऐन जेवणाच्या वेळी. मी शहरातल्या बूढ़ापाऱ्याहून सकाळी सातला स्कूटीवर निघते, एक वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात. पहिल्याच दिवशी फोन उचलून पंपहाऊसला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. बटण दाबलं की भोंगा अर्धा तास गप्प बसतो, तेवढ्यात कॅन्टीनला जाऊन जेवून यायचं, अशी सोय मी लावून घेतली.

मंगळवारी भोंगा पाऊण वाजताच वाजला. ‘आज सात नंबरला लवकर भूक लागली’ असं मनातल्या मनात म्हणून मी बटण दाबलं, डबा उचलला आणि निघाले. स्क्रीन वाचली नाही. ते सात नंबर नव्हतंच. दहा आणि अकरा नंबरच्या मध्ये नाली खोदणाऱ्या जेसीबीने तार तोडली होती. मग एक वाजता सात नंबर आपल्या नेमाप्रमाणे बंद झालं आणि आठ, नऊ, दहा ही तिन्ही स्टेशनं आंधळी झाली. नऊ नंबर वजनकाटा; वजन नोंदल्याशिवाय ट्रक सुटत नाही. मी परत आले तेव्हा ट्रकांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती आणि टेबलावरचे तिन्ही फोन एकदम वाजत होते.

आमचे मॅनेजर शेखर साहेब मूळचे नागपूरचे. चिडले की आवाज खाली जातो.

“जेसीबीवाल्याचं मी पाहतो,” ते म्हणाले. “पण पंपहाऊसची पेटी कोणं बंद केली? तो भैय्यालालच असन. उद्या रिपोर्ट द्या, पूर्णिमा. ठेकेदाराले सांगून त्याले बाहेर करतो.”

भैय्यालाल म्हणजे पंपहाऊस सांभाळणारा ठेकेदाराचा माणूस. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. महिनाभर माझ्या जेवणात माती कालवणारा माणूस आयता सापडला होता.

तुटलेली तार रात्रीतून जोडून झाली. दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता मी सहकाऱ्याला खुर्चीवर बसवून पंपहाऊस गाठलं. भैय्यालालकाका दाराशी उभे राहून फोनवर बोलत होते.

“सहा नंबर, चालू हाय न तुमचं? हव.” मग दुसरा फोन. “आठ नंबर? चालू हाय? हव, ठीक.”

दोन्हीकडून होकार आल्यावर ते आत गेले आणि भिंतीवरच्या एकुलत्या एक सॉकेटमधून पेटीचा प्लग काढला. त्या जागी एका लहानशा मशीनचा प्लग लावला. मशीन घरघरू लागली. बाजूच्या स्टुलावर त्यांची बायको, कलावतीबाई बसल्या होत्या. त्यांनी वाफेचा मास्क नाकातोंडावर धरला. गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या. खांदे वर जायचे, मग श्वास आत जायचा. मी आणलेलं सगळं भांडण दारातच राहिलं.

“काका, हे काय करून राहिले?” मी विचारलं.

“मॅडम, हिचा दमा. डॉक्टरनं तीन टाइम सांगितलं हाय,” ते म्हणाले. “दुपारी गावात लाईन नसते. म्हणून डबा घेऊन इथंच येते. दोन्ही प्लग संगं लावून पाहिले, तर यूपीएस टूं टूं करून बंदच पडते.”

“पण पेटी बंद करायची नसते, काका.”

“पेटी लावली तवा त्या इंजिनियरले विचारलं होतं न मी. त्यानं सांगितलं, एक पेटी बंद झाली तरी काही बिघडत नाही, रिंग हाय. तरी मी सहा न आठले विचारल्याबिगर हात लावत नाही. काहून, काही बिघडलं का?”

कलावतीबाईंनी मास्क बाजूला केला. “जेवली का, बाई?” एवढं विचारायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

मला लाज वाटली. हा माणूस रोज आपल्या दोन्ही बाजूंना विचारून मगच प्लग काढत होता. त्याला पंपहाऊसमधून जेवढं दिसू शकत होतं, तेवढं तो बघत होता. दहा-अकराच्या मधली तार त्याला दिसणार नव्हती. ती मला दिसत होती, आणि मी डबा खायला गेले होते.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी दिला. तार तुटल्याचा भोंगा पाऊण वाजता झाला, मी न वाचता बंद केला. तेव्हाच पंपहाऊसला फोन केला असता तर तीन स्टेशनं गेली नसती. सोबत पंपहाऊसला दुसरी लाईन द्यावी म्हणून इलेक्ट्रिकल खात्याला अर्ज.

शेखर साहेबांनी तो दोनदा वाचला. “काहून अंगावर घेऊन राहिल्या?”

“झालं तेच लिहिलं, साहेब.”

मला मेमो मिळाला. भैय्यालालकाकांचं नाव कुठेच आलं नाही. दुसऱ्या लाईनीला आठवडा लागेल असा निरोप आला.

दुसऱ्या दिवशी एक वाजला आणि भोंगा वाजला नाही. सात नंबर हिरवं होतं. एक वाजून दहा मिनिटं झाली, तरी हिरवंच.

“वा दीदी, आज तो शांति है,” सहकारी म्हणाला.

मी फोन लावला.

“काका, प्लग काहून नाही काढला?”

“नाही काढत आता, मॅडम. माह्यापायी तुमाले मेमो भेटला म्हणे.”

“कलावतीबाई कुठं आहेत?”

“इथंच बसली हाय.”

ते सांगायची गरज नव्हती. त्यांच्या आवाजामागे तो ओढलेला श्वास मला ऐकू येत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर मी आपोआप मोजू लागले होते.

“प्लग काढा, काका.”

“पण मॅडम, तुमची नोकरी…”

“बाकीची अकरा मी पाहून राहिली. एक जरी हललं तर त्याच मिनिटाले तुमाले फोन करीन. काढा.”

सात नंबर लाल झालं. भोंगा वाजू लागला. बटण न दाबता मी तो वाजू दिला, आणि पंचवीस मिनिटं स्क्रीनवरची नजर हलवली नाही.